बोटभर पितळ

आमच्या नळखात्याकडे सुरुंग शोधायचं यंत्र होतं असं सांगितलं, की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. म्हातारा झाला, काहीही ठोकून देतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. मला राग येतो. राग मला पहिल्यापासूनच लवकर येतो आणि वय झालं म्हणून तो काही उतरलेला नाही. तर यंत्र होतं. महायुद्ध संपल्यावर महूच्या छावणीतलं सामान लिलावात निघालं. तंबू, ब्लँकेटं, जीपची चाकं यांच्या ढिगात ही यंत्रंही होती, आणि काही वर्षांनी हिंडत फिरत त्यातलं एक उज्जैनच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन पडलं.

लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी लाकडी तबकडी आणि तिच्या पोटात तारेची वेटोळी. पाठीवर बॅटऱ्यांची पिशवी घ्यायची, कानाला हेडफोन लावायचा आणि तबकडी जमिनीपासून वीतभर वर धरून हळूहळू फिरवायची. खाली लोखंड आलं की कानातली बारीक गुणगुण एकदम मोठी होई. आमचे मजूर तिला ‘थाली’ म्हणत. मग आम्हीही थाळीच म्हणू लागलो.

सुरुंग नव्हते, पण जमिनीत पुरलेलं लोखंड आमच्याकडेही होतं. नळांचे मोठे वॉल्व रस्त्याखाली असत आणि त्यांच्यावर लोखंडी झाकणं. संस्थानाच्या काळात ही झाकणं रस्त्याच्या बरोबरीने होती. पुढे सिंहस्थाच्या तयारीत मुरूम पडला, डांबर पडलं, रस्ते हातभर वर आले आणि झाकणं खाली गेली. ती कुठे आहेत ते दाखवणारे नकाशे ग्वाल्हेरला होते. स्वातंत्र्यानंतर मध्य भारत हे राज्य झाल्यावर राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असे, त्यामुळे दफ्तरं पेट्यांत भरून इकडून तिकडे जात. अशाच एका फेरीत आमची पेटी कुठेतरी उतरली ती उतरलीच.

नकाशे गेले तरी काम अडलं नाही, कारण माझे वडील होते.

बाबा खात्यात चावीवाले होते. वॉल्व उघडायची-मिटायची माणसाइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते तीस वर्षं गावभर फिरले. कुठला वॉल्व कुठे आहे हे त्यांना पावलांनी पाठ होतं. अमक्या देवळाच्या दाराला पाठ लावायची, समोरच्या लिंबाकडे बघायचं आणि चौदा पावलं. राम घाटाच्या उतारावर शेवटच्या दगडी छत्रीपासून नऊ पावलं. तोंडाने आकडे पुटपुटत ते चालत, थांबत, टाच आपटत आणि म्हणत, “खोदो.” मजूर खोदत आणि झाकण लागे. मी हे लहानपणापासून पाहिलं होतं आणि त्यात मला कधी नवल वाटलं नव्हतं.

त्याच खात्याच्या वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो. तेव्हा माझं वय सव्वीस. हात चांगला होता, हे मीच सांगतो. दुसरं सांगणारं कोणी आता उरलेलं नाही.

मध्य भारत मोडून भोपाळचं नवं राज्य होणार हे ठरलं आणि खात्यातल्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लागला. कोणाला नव्या राज्यात घेणार, कोणाला घरी बसवणार, रोज नवी बातमी. आमच्या साहेबांना वर यादी पाठवायची होती. साहेब नवे होते, इंदूरकडून आलेले, वागायला सरळ. वय झालेल्यांपैकी ज्यांच्यावाचून काम अडेल त्यांच्याच नावापुढे त्यांनी तसा शेरा द्यायचा होता. बाबांचं वय झालेलंच होतं. पण त्यांच्यावाचून गावातला एक वॉल्व सापडला नसता, त्यामुळे घरात कोणी काळजी केली नाही.

आणि साहेबांना कोपऱ्यात पडलेली थाळी दिसली.

तिचा जोड मोडलेला होता. दांडा आणि तबकडी यांच्यामध्ये काळ्या बॅकेलाइटचे दोन कान होते. मजुरांनी थाळी काठीसारखी टेकत वापरली, तिने दगड सरकवले, आणि दोन्ही कान तडकले. साहेबांनी मला बोलावलं. “इसको ठीक कर दो, फिर ढक्कन ढूँढने का झंझट ही खतम. किसी की याद के भरोसे थोड़े ही शहर चलता है.”

ते वाकड्या मनाने बोलले नव्हते. पण मला ते झोंबलं. किसी की याद, म्हणजे माझ्या बापाची.

तरी पहिल्यांदा मी काम इमानाने केलं, आणि चुकलो. लोखंड शोधणाऱ्या यंत्राला लोखंडी पट्टी लावायची नाही एवढी अक्कल मला होती. म्हणून मी पितळेची पट्टी घेतली. लोहचुंबक लावून पाहिला, चिकटला नाही, म्हणजे चालेल. दोन्ही कानांभोवती पट्टी वळवून पितळी स्क्रूने आवळली. जोड इतका मजबूत झाला, की दांडा धरून आख्खं यंत्र उभं हलवलं तरी कुरकुर नाही. मग हेडफोन लावला. थाळी किंचाळत होती. जमिनीवर धरा, वर आढ्याकडे धरा, आवाज शांत करायचं बटण फिरवा, ती किंचाळतच राहिली. यंत्राला लोखंडाशी घेणंदेणं नव्हतं, धातूशी होतं, आणि धातू मी तिच्या मानेलाच बांधला होता.

बाबा दुपारी वर्कशॉपमध्ये डोकावले तेव्हा मी पट्टी भिरकावून दिली होती आणि तोंड फुगवून बसलो होतो. साहेबांना अजून काही दाखवलं नव्हतं. बाबांनी पट्टी उचलली, बोटांवर वळवून पाहिली आणि मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं.

“धातूच नको ना तिला?” ते म्हणाले. “मग लाकूड घाल. दोन्ही अंगांनी सागाच्या चिपा लाव, खिळ्यांच्या जागी बांबूच्या खुंट्या ठोक, आणि वरून रेशीम गुंडाळ सरसात बुडवून. वाळलं की दगड होतं. आमच्या लहानपणी तंबोऱ्याची तडकलेली मान अशी बांधलेली पाहिलीये मी.”

“रेशीम आणू कुठून?”

“घरी आहे.”

घरी होता तो त्यांचा मुकटा. सोवळ्यात नेसायचा, आजोबांच्या वेळचा, विरलेला आणि काठाशी फाटलेला. आईने तो ट्रंकेतून काढला, पण हातातून सोडेना. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. “सोवळ्याचा मुकटा त्या घाणीत बुडवणार? त्यापेक्षा शिप्रेत सोडून या.”

“फाटक्या मुकट्याला कसलं आलंय सोवळं,” बाबा म्हणाले. “आण इकडे. आणि तू चांगला घट्ट बांध रे. हलायला नको.”

मला त्यांचा राग आला. जी वस्तू त्यांना घरी बसवणार होती तिच्यासाठी हा माणूस आपला मुकटा फाडून देत होता, आणि वर घट्ट बांध म्हणत होता. मला वाटलं, यांना कळतच नाहीये. भोळे आहेत. तीस वर्षं मान खाली घालून नोकरी केली, आपली किंमत काय ते यांना समजलेलंच नाही. मग यांचं भलं आपणच पाहायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी सागाच्या चिपा तासल्या, खुंट्या ठोकल्या, सरस शिजवला. रेशमाच्या बोटभर रुंद पट्ट्या भिजवून गुंडाळत गेलो. तीन थर झाल्यावर थांबलो. कालची पितळी पट्टी कोपऱ्यात पडली होती. तिचा बोटभर तुकडा कापला आणि दोन चिपांच्या मधल्या खाचेत सोडला. घट्ट बसवला असता तर एवढ्याशा तुकड्याचा आवाज बटण फिरवून कायमचा शांत करता आला असता आणि थाळी नीट चालली असती. म्हणून खाच जरा मोठी ठेवली. यंत्र स्थिर असताना तुकडा एका जागी राहील, बटण फिरवून आवाज शांत करता येईल. पण थाळी डावी-उजवी फिरू लागली की तुकडा सरकेल आणि ती खोटं बोलू लागेल. वरून आणखी पाच थर दिले.

इतकं सुबक काम मी पुढे आयुष्यात क्वचितच केलं.

टेबलावर साहेबांनी थाळी पाहिली. खाली पान्हा ठेवला, ती बोलली. पान्हा काढला, गप्प झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मग आम्ही माधव नगरात गेलो, आणि तिथे दहा पावलांत ती सात वेळा ओरडली. खोदलं तर मुरूम. साहेबांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. “ये तो कुछ भी बोलती है.” थाळी पुन्हा कोपऱ्यात गेली. मी चेहरा पाडून उभा राहिलो आणि आत मला उकळ्या फुटत होत्या.

बाबांनी मात्र त्या थाळीचा पिच्छा सोडला नाही. जेवताना विचारत, “जोड हलत तर नाहीये ना?” मी म्हणे, “जोड पक्का आहे. मशीनच खराब आहे.” दोन दिवसांनी पुन्हा, “एकदा खोलून बघशील का? मुकट्याचा अजून निम्मा तुकडा आहे.” मी वसकन अंगावर गेलो, “सांगितलं ना एकदा, काही उपयोग नाही तिचा.” ते जेवत राहिले. त्या दिवसांत ते सकाळी लवकर, मजूर यायच्या आधी, पहार घेऊन एकटेच बाहेर पडत आणि परत येत तेव्हा त्यांच्या वहाणांना माती लागलेली असे. मी एकदा विचारलं. म्हणाले, “सहज. फिरणं होतं.” मी ते खरं मानलं. खरं मानणं मला सोयीचं होतं.

मग देवास गेटला मोठा नळ फुटला.

सकाळची दहा-साडेदहाची वेळ. मी पोचलो तेव्हा बस स्टँडपर्यंत गुडघाभर पाणी होतं, दुकानदार पोती उचलून ओट्यांवर टाकत होते आणि टांगेवाले ओरडत होते. साहेब धोतरवाल्या दुकानदारांच्या घोळक्यात पँट वर करून उभे होते. तेवढ्यात खांद्यावर चावी घेऊन बाबा आले. घोळका बाजूला झाला. माझी छाती फुगली. यादी जायला चार दिवस उरले होते, आणि साहेबांना आता डोळ्यांनी दिसणार होतं की कोणावाचून काय अडतं.

बाबांनी धर्मशाळेच्या पहिल्या पायरीला टाच लावली, नदीच्या दिशेने तोंड केलं आणि पाण्यातून एकवीस पावलं मोजली. टाच आपटली. “खोदो.”

मजुरांनी खोदलं. कमरेइतका खड्डा झाला. झाकण नव्हतं.

बाबा परत पायरीशी गेले. पुन्हा एकवीस. तीच जागा आली. “पायरी सरकवली असेल यांनी दुरुस्तीत,” ते म्हणाले आणि डावीकडे दोन हात सोडून खोदायला लावलं. तिथेही नाही. मग उजवीकडे. खड्ड्यांत पाणी भरत होतं, मजूर चिखलाने माखले होते, आणि एक दुकानदार म्हणाला, “बाबूजी, सड़क को छलनी ही कर दोगे क्या?” कोणीतरी हसलं. मी त्या हसणाऱ्याला शोधत होतो, म्हणजे बाबांकडे बघावं लागणार नाही.

“मशीन आण,” बाबा म्हणाले.

मला वाटलं ते मजुराला सांगताहेत. ते मला सांगत होते. “अरे, जल्दी जा. थाळी घेऊन ये.”

“ती बंद आहे, बाबा.”

“टेबलावर चालत होती ना? आण.”

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सायकलवरून मी थाळी आणली. रस्त्यात कुठेतरी थांबून रेशीम फाडावं, तुकडा काढून फेकावा असं दोनदा मनात आलं. पण आठ थर होते आणि ते खरंच दगड झाले होते. बाबांनी पिशवी पाठीवर घेतली, हेडफोन लावला. ज्या सफाईने ते यंत्र धरत होते त्यावरून मला दिसलं, की हे त्यांनी आधीही केलंय. वर्कशॉपमध्ये कोणी नसताना करून पाहिलंय. पहिल्या खड्ड्यापासून ते पुढे सरकू लागले, हळूहळू, थाळी डावी-उजवी फिरवत. थोड्याच वेळात ते थांबले. पुन्हा फिरवली. पुन्हा थांबले. त्यांनी थाळी आभाळाकडे वर केली, हलवली, ऐकलं. मग हेडफोन काढला आणि माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

शेवटी टाकीवरूनच पाणी बंद करावं लागलं. अख्खं उज्जैन दीड दिवस कोरडं राहिलं. दुसऱ्या दिवशी मजुरांनी रस्ता आडवा-उभा खणला तेव्हा झाकण सापडलं. बाबांच्या पहिल्या खड्ड्याच्या पुढे, त्याच ओळीत, चार हातांवर.

त्या दुपारी साहेबांनी दोघांनाही वर्कशॉपमध्ये बोलावलं. थाळी टेबलावर होती. ते म्हणाले, “इसको खोलो. मुझे देखना है.” मी सुरी घेतली आणि तिची धार अंगठ्यावर पाहत राहिलो. बाबांनी सुरी माझ्या हातातून घेतली आणि रेशमाचे थर एकेक करून कापले. सागाच्या चिपा सुट्या झाल्या. तुकडा टेबलावर पडला आणि वाजला.

साहेबांनी तो उचलला. “ये पीतल किसने डाला?”

मी तोंड उघडलं होतं, एवढं मी शपथेवर सांगतो. पण उघडलेल्या तोंडातून काही आलं नाही.

“मैंने डाला साहब,” बाबा म्हणाले. “मजबूती के लिए. जोड़ मैंने ही बँधवाया था, कपड़ा भी मेरा ही है. मुझे लगा पीतल को चुंबक नहीं पकड़ता, तो चलेगा.”

माझीच चूक होती ती, पहिल्या दिवशीची, आणि ती फक्त आम्हा दोघांना माहीत होती. साहेबांनी ती लगेच खरी मानली. जुना माणूस, यंत्रातलं त्याला काय कळतं. ते रागावलेसुद्धा नाहीत. “आपने बहुत साल काम किया, बाबूजी. अब आराम कीजिए,” म्हणाले आणि तुकडा बाबांच्या हातात परत दिला. यादी गेली तेव्हा बाबांच्या नावापुढे शेरा नव्हता. माझ्या नावापुढे साहेबांनी आपणहून लिहिला होता, ‘कुशल फिटर’ असा.

घरी जाताना मी सायकल हातात धरून त्यांच्या मागून चालत होतो. गल्लीच्या तोंडाशी ते बोलले.

“वर्षभर चुकतोय मी. कुठे दोन हात, कुठे तीन. सकाळी जाऊन पहारेने टोचून बघायचो, म्हणजे मजुरांसमोर शोभा नको. देवास गेटला डांबर, तिथे पहार चालत नाही. म्हणून म्हणत होतो, मशीन तेवढं नीट कर. ते हाताशी असतं तर निभलं असतं.” मग म्हणाले, “मला एकदा विचारायचंस तरी.”

त्यानंतर पितळेचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी त्या रात्री जेवलो नाही, आणि तेवढ्याने काही फिटलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

आठवड्याने रस्ता बुजवल्यावर मी एकटाच देवास गेटला गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. झाकण या वेळी विटांचा चौकोन बांधून रस्त्याच्या बरोबरीने वर घेतलं होतं, त्यामुळे ते दिसत होतं. मी धर्मशाळेच्या पायरीला टाच लावली आणि माझ्या पावलांनी मोजत निघालो. एकविसावं पाऊल खणकन झाकणावर पडलं. मी परत गेलो, पुन्हा मोजलं. पुन्हा झाकणावर. बाबांनी ते आकडे पाठ केले तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. पुढे आकडे तेच राहिले आणि पाऊल आखूड होत गेलं, इतकं सावकाश की त्यांना कळलं नाही. आम्हाला तर घरात त्यांच्याकडे बघायचीच सवय नव्हती.

मी धावत घरी आलो आणि ओट्यावर बसलेल्या बाबांना सांगितलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, पायरी कुठली, तोंड कुठे केलं होतंस. मग म्हणाले, “म्हणजे आकडे बरोबर होते.”

“बरोबर होते.”

“मग लिहून घे.”

पुढचे दोन महिने ते ओट्यावर बसून आकडे सांगत होते आणि मी वहीत लिहीत होतो. सुट्टीच्या दिवशी ती वही घेऊन मी गावभर पावलं मोजत हिंडलो, आणि एकेक झाकण विटांच्या चौकोनावर वर आलं. थाळीचा जोड मी उरलेल्या अर्ध्या मुकट्याने पुन्हा बांधला, या वेळी काहीही न घालता. ती उत्तम चालली, पण तिची फारशी गरज पडली नाही. माझी नोकरी पुढे बत्तीस वर्षं झाली. अख्ख्या उज्जैनचे वॉल्व पाठ असलेला माणूस म्हणून नवे साहेब माझी ओळख करून देत. बाबा हयात होते तोवर एक-दोनदा त्यांच्या देखतही दिली. मी ऐकून घेतलं.